टोमण्यांचा उपास

आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि उकडलेली रताळी. आई सोमवार धरते, बाबा फक्त महाशिवरात्र. मी बारावीपर्यंत चतुर्थी धरायचे, तीही खरं तर खिचडीसाठी. उपासाला भेंडी चालते की नाही यावरून आई आणि काकी एकदा बरेच दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण उपास हा खाण्याचा असतो, याबद्दल आमच्या घरात कधी वाद झाला नाही. बोलण्याचा उपास धरलेलं माणूस मी गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

आज सकाळी पालघरच्या एसटी स्टँडवर एक बाई उभ्या होत्या. हातात डब्याची पिशवी, कपाळावर राखाडी बोट ओढल्यासारखी खूण. शेजारच्या आजींनी त्यांना सांगितलंही, "अगं, कपाळाला काहीतरी लागलंय, पूस." त्या हसल्या, पण पुसलं नाही. म्हणजे आज ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, त्यांच्या उपासकाळाचा पहिला दिवस. वर्ष झालं तर.

फेब्रुवारीच्या या दिवसांना आमच्याकडे खास नाव नाही. केळव्याच्या वाड्यांमध्ये पांगारा फुलतो, पण त्याच्याकडे फुलं म्हणून कोणी बघत नाही. त्याच्यावर पानवेल चढवलेली असते, तेव्हा तो टिकला की नाही एवढंच बघायचं. विहिरीचं पाणी जरासं मचूळ लागायला लागतं. दुपारी समुद्रावरून येणारा वारा सुटतो आणि नारळाच्या झावळ्या एकमेकींवर घासल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत चालू राहतो. बाबा दुसऱ्यांच्या वाड्यांत नारळ काढतात. आमची स्वतःची पानवेल दोन-चार ओळींची. त्या आवाजात अभ्यास करायची मला सवय आहे. बोईसरला जायला लागले तेव्हा तिथे तो आवाज नव्हता, आणि पहिले काही दिवस कानांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी बी.एड.च्या इंटर्नशिपसाठी बोईसरच्या एका मराठी शाळेत जात होते. शाळा औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. कुंपणापलीकडे कंपनीची भिंत, आणि दुपारनंतर वारा फिरला की कधी रंगाचा, कधी नाव न सांगता येणारा वास वर्गात येतो. मुलं नाकाला हात लावत नाहीत. पहिल्या दिवशी मी लावला, तेव्हा पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आठ दिन में आदत हो जाएगी." खरंच झाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे शिक्षक कसा असतो हे मला फक्त बाकावर बसून माहीत होतं. टेबलाच्या त्या बाजूचं विचारायला घरात कोणी नव्हतं. कॉलेजात पाठ टाचण कसं काढायचं ते शिकवलं, फळ्याचे भाग कसे करायचे ते शिकवलं. वर्गात चाळीस तोंडं एकाच वेळी बोलायला लागली की काय करायचं ते मात्र 'अनुभवाने येईल' असं सांगून सोडून दिलं होतं. तो अनुभव ज्यांच्याकडून घ्यायचा, त्या डिमेलो बाई.

बाई मूळच्या वसईकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, चपला न वाजवता चालायच्या. नववीला मराठी शिकवायच्या आणि नववी 'ब' त्यांचा वर्ग. त्या छडी वापरत नसत, आवाजही चढवत नसत. त्यांना गरजच नव्हती. त्यांच्या जिभेवर टोमणा असायचा, तोही असा की ज्याला बसला तो सोडून बाकी सगळा वर्ग दिवसभर हसत राही.

उशिरा येणाऱ्याला त्या म्हणत, "या, बसा. तुमच्यासाठीच समास थांबवून ठेवलाय." वाईट अक्षराची वही हातात आली की, "हे तू लिहिलंस, की कोंबडी शाईतून चालत गेली?" मागे गप्पा मारणाऱ्या मुलींना, "तुमचं आटपलं की हाक मारा गं, मी इथेच आहे." पहिल्या आठवड्यात मीही हसत होते. मला वाटलं, बघ, असा धरावा लागतो वर्ग. घरी आले की आरशासमोर एखादा टोमणा म्हणून बघायचे. माझ्या तोंडी तो चालत नसे. आई विचारायची, "कोणाशी भांडतेस गं?"

मग राखेचा बुधवार आला. बाई सकाळी चर्चला जाऊन तशाच शाळेत आल्या. वर्गात पाऊल टाकलं आणि त्या पहिल्या बाकावरच्या मुलाने, सूरजने, तोंड उघडलं. त्याचं घर मूळचं बिहारचं. वडील कंपनीत, आणि तो पहिलीपासून मराठी शाळेत. "बाई, कपाळाला काय? चूल फुंकून आल्या काय?"

वर्ग सावध झाला. आता सूरजला काहीतरी मिळणार, याची सगळे वाट बघायला लागले. बाईंनी तोंड उघडलं. मी बाजूला खुर्चीवर होते, मला स्पष्ट दिसलं, वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"राख आहे ती," त्या म्हणाल्या. "आजपासून आमचा उपासकाळ."

"बाई, मग काय काय नाय खायचं?" एका मुलीने विचारलं.

"खायचं सगळं. यंदा मी टोमणे सोडलेत. ईस्टरपर्यंत कोणाला टोमणा मारायचा नाही."

क्षणभर कोणाला कळेना, हसायचं की नाही. मग सूरज काळजीच्या सुरात म्हणाला, "बाई, तब्येतीला झेपेल ना?"

सगळा वर्ग फुटला. बाईही हसल्या. पण उत्तर दिलं नाही, आणि धडा काढायला सांगितला.

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी त्यांना छेडलं. "बाई, मासे सोडा ना सरळ. सोपं पडतं."

"मासे सोडले की मी घरच्यांवर खेकसते, सर. दरवर्षीचा अनुभव. मग तो कसला उपास? देव म्हणत असेल, बाई, तू आपली बोंबील खा."

आता मागे बघताना वाटतं, ते पहिले दिवस चांगले नव्हते. चांगलं काहीतरी सुरू झालं की लगेच सगळं सुधारतं, असं आपण धरून चालतो. बाईंचा वर्ग बिघडला. टोमणा नाही म्हटल्यावर मागचे बाक मोकाट सुटले. बाई गप्प राहायच्या, आणि त्यांचं ते गप्प राहणं टोमण्यापेक्षा जड वाटायचं. ओठ मिटलेले, भुवया वर. एकदा एका मुलाने निबंधाऐवजी निबंधाचं नाव तेवढं लिहून आणलं. बाईंनी वही बघितली, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा वही बघितली.

सूरज ओरडला, "फाउल! बाई, मुँह से नहीं मारा, पर आँख से मारा!"

मुलांनी बाकं वाजवली. बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मोडला." मुलांना याचं फार नवल वाटलं. शिक्षक 'बरोबर आहे' असं वर्गाला, स्वतःच्याच विरुद्ध म्हणतो, हे त्यांनी बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. त्या दिवसापासून सगळा वर्ग बाईंचा उपास सांभाळायला लागला. बाईंचा चेहरा जरा बदलला की कुठूनतरी आवाज यायचा, "बाई, उपास!" काही मुलं तर मुद्दाम त्यांना खिजवून बघायची. तेव्हा बाईंचे ओठ हलायचे, आवाज नाही यायचा. "मंत्र म्हणतात," मुलं एकमेकांना सांगायची.

डबा खाताना मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही खरंच काही म्हणता का?"

"म्हणते की. समोरच्या पोराचं नाव घेते आणि म्हणते, देवा, हा तुझा आहे. बस, एवढंच. दोन-तीन वेळा म्हटलं की टोमणा विसरायला होतो." मग डबा बंद करत म्हणाल्या, "नुसतं सोडून चालत नाही, स्वप्नाली. सोडलेल्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. नाहीतर ती जागा दुसरंच काहीतरी भरतं."

मी मान डोलावली. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, तरी कळल्यासारखं दाखवलं. कॉलेजात आम्हाला अशाच काही गोष्टी जड शब्दांत शिकवल्या होत्या, त्या परीक्षेत लिहिल्याही होत्या. पण 'हा तुझा आहे' हे त्या कशातच नव्हतं. मुलगा शिक्षकाचा नाही, शाळेचा नाही, निकालाचाही नाही. तो आधीच कोणाचातरी आहे, आणि तुम्हाला थोडा वेळ सांभाळायला दिलाय. दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलं की आपण कसे जपून वागतो. बाई एवढं जपून वागायचा प्रयत्न करत होत्या. तो प्रयत्न त्यांना जमत होता असं नाही.

त्या नववी 'ब' मध्ये हर्षला होती. तिसरा बाक, खिडकीकडची जागा. दातिवऱ्याची मुलगी, वडील मासेमारीला जाणारे. आठवीपासून बोईसरला मावशीकडे राहून शिकत होती. वर्गात मुलं तिला 'ओहोटी' म्हणायची. का, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ती लिहायची नीट, अक्षरही चांगलं. पण वाचायला उभं केलं की उभी राहायची आणि पुस्तकाकडे बघत राहायची. मी चिठ्ठ्या करून आणल्या, दोन-दोन मुलींना मिळून वाचायला लावलं, कॉलेजात सांगितलेलं सगळं करून पाहिलं. ती चिठ्ठी घ्यायची आणि शेजारणीला द्यायची.

'ओहोटी'चं मी सूरजलाच विचारलं. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, वो बाई ने ही बोला था. डिसेंबरमध्ये." हर्षला सावकाश वाचायची, प्रत्येक शब्द आधी मनात लावून मग बाहेर काढल्यासारखी. त्या दिवशी तास संपत आला होता. बाई म्हणाल्या होत्या, "हर्षला, तुझं वाक्य संपेपर्यंत दातिवऱ्याला भरती येऊन ओहोटी लागेल गं." टोमणा चांगला होता. म्हणूनच तो टिकला. बाई तो विसरल्या असतील असं मला वाटलं होतं.

बाई विसरल्या नव्हत्या. मार्चमध्ये शाळेत दहावीचं केंद्र असतं, त्यामुळे नववीला पेपरच्या दिवशी सुट्टी. शिक्षकांना मात्र यावं लागतं. अशा एका दुपारी, पेपर चालू असताना, व्हरांड्यात आम्ही दोघी बसलो होतो. आत मुलं लिहीत होती, बाहेर शिफ्टच्या बस वळत होत्या. मी हर्षलाचा विषय काढला.

"नाताळाच्या आधी पापनिवेदनाला गेले होते," बाई म्हणाल्या. मग मला कळावं म्हणून सांगितलं, "आम्ही फादरांपाशी आमच्या चुका सांगतो. फादर देवाच्या नावाने क्षमा देतात, प्रार्थना सांगतात, आपण मोकळे. मी सांगितलं, वर्गात एका मुलीचं हसं केलं. मला वाटलं, झालं आता. तर फादर विचारतात, ती काय म्हणाली? मी म्हटलं, ती तेव्हापासून काही म्हणतच नाही. तर म्हणाले, मग तू आधी इकडे कशाला आलीस? तिच्याकडे जा."

"मग?"

"मग काय. नाही गेले. जानेवारी गेला. उपासकाळ आला तेव्हा म्हटलं, टोमणेच सोडून देऊ." त्या हसल्या, पण चेहरा तसाच राहिला. "कळतंय का तुला? कोणालाच टोमणे न मारणं सोपं आहे. एका पोरीला चुकले म्हणणं अवघड. म्हणून मी मोठा उपास धरला, आणि छोटं काम टाळलं."

मी म्हटलं, "बाई, पण तुम्ही श्रद्धेने..."

"श्रद्धेचं मला सांगू नकोस. मला शाळेत शिकवायला एक सिस्टर होत्या. रोज पहाटे चर्चमधली मिस्सा चुकवायच्या नाहीत, आणि छडी मोडेपर्यंत मारायच्या. नुसत्या श्रद्धेने कोणी चांगला शिक्षक होत असता तर आमच्याकडे सगळेच झाले असते. श्रद्धा एवढंच करते, की आपण सुटलो असं वाटायला लागलं की मागून पदर ओढते."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा आठवलं. मी ख्रिस्ती नाही, आणि होईन असंही वाटत नाही. चर्चच्या आत मी एकदाच गेले आहे, तेही पावसात अडकले म्हणून. पण मागून पदर ओढणारं काहीतरी शिक्षकाला हवं, हे मला पटतं. मुख्याध्यापक फक्त निकालाचं विचारतात, पालक मार्कांचं. वर्गाचं दार लावल्यावर आत आपण मुलांशी काय बोलतो, हे विचारायला कोणी येत नाही. ज्याला वाटतं की कोणीतरी विचारणार आहे, तो जरा वेगळा वागत असेल. निदान वेगळं वागायचं राहिलं तर त्याला ते टोचत तरी असेल.

त्याच आठवड्यात हर्षलाची मावशी शाळेत आली. कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई, शिफ्ट संपवून तशीच आलेली, केसांना जाळी. हर्षला तिच्या मागे उभी.

"बाई, हिचा दाखला कधी मिळेल? नववी झाली की हिचा बाप न्यायला येतो म्हणतो."

"का हो? लिहिते चांगली ती."

"लिहून काय करता? घरी सांगतेय, तोंडी परीक्षेला मी जानार नाय. नापास होन्यापेक्षा घरी बरी. बाप म्हनतो, मग कशाला तिथे जागा अडवते, आईला सुकटीला हात होईल. माझी इच्छा हाय हो, दहावी करावी तिने. पन पोरगी तोंडच उघडत नाय, मी काय करू?"

"चल गं मावशे, किती बोलते," हर्षला मागून पुटपुटली. तोपर्यंत शाळेत तिचा आवाज मी ऐकला तो तेवढाच.

बाई म्हणाल्या, "तोंडी परीक्षा होईपर्यंत दाखला मागू नका. तेवढं माझं ऐका." मावशीने मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही.

बुडालेले तास भरायला नववीला रविवारी बोलवायचे. झावळ्यांच्या रविवारीही शाळा होती. ईस्टरच्या आधीच्या त्या रविवारी ख्रिस्ती लोक हातात कोवळ्या झावळ्या घेऊन चर्चला जातात. बाईंनी मला विचारलं होतं, तुमच्या वाडीतून मिळतील का. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "देवाला जातात ना? मग कोवळ्या बघून काढतो." कुठल्या देवाला ते त्यांनी विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी बाईंकडे पोचवायला मी मोळी घेऊन एसटीत बसले, तेव्हा कंडक्टरने दोनदा बघितलं.

बाई मिस्सा आटपून उशिरा वर्गात आल्या. उन्हं तापली होती. त्या टेबलाजवळ पोचायच्या आधीच सूरज उभा राहिला. त्याचा चेहरा असा, की काहीतरी हाती लागलंय.

"बाई, हमारे बाजूवाली आंटी बोली, संडे उपास में गिनते नहीं. सच है?"

बाई थबकल्या. "खरं आहे. रविवार उपासात धरत नाहीत."

"मग आज मारा!" वर्ग उसळला. "बाई, एक तरी! सूरजला मारा! मला मारा बाई, माझी वही बघा!" मुलं वह्या उंच करून दाखवायला लागली. एवढ्या आठवड्यांत त्यांना टोमण्यांची आठवण आली होती. मला ते विचित्र वाटलं, आणि नंतर तेवढं विचित्र वाटलं नाही. टोमण्यात त्यांच्याकडे कोणीतरी नीट बघितलेलं असायचं. अक्षर कोंबडीसारखं आहे हे दिसायला आधी अक्षर बघावं लागतं.

तिसऱ्या बाकावर हर्षला खिडकीबाहेर बघत होती.

बाई हसत होत्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्या तिसऱ्या बाकापाशी गेल्या. वर्गाला वाटलं, आता तिला बसणार. काही जण आधीच हसायला लागले.

"हर्षला," बाई म्हणाल्या, "डिसेंबरात तू वाचत होतीस तेव्हा मी तुला बोलले. तू नीट वाचत होतीस. मला घाई होती. मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

हर्षलाचे कान लाल झाले. ती बाकाच्या कडेचा टवका नखाने काढत होती. "नका ना बाई," ती कशीबशी म्हणाली. "सगळे बघतात."

बाईंच्या ते लक्षात आलं असावं. माफीनेही त्यांनी तिला पुन्हा सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्या फळ्याकडे गेल्या, तारीख लिहिली आणि शिकवायला लागल्या. अशा प्रसंगी गोष्टींमध्ये मुलगी उभी राहते आणि घडाघडा वाचते. हर्षला उभी राहिली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बाईंनी तिला वाचायला सांगितलंही नाही. एवढं मात्र झालं, की मधल्या सुट्टीत सूरजने "ए ओहो..." एवढं म्हणून तोंड मिटलं, आणि मग "ए हर्षला, बॉल फेक" असं म्हटलं. तिने बॉल त्याच्या पाठीत मारला.

ईस्टर झाला. सोमवारी बाई घरी केलेला केक घेऊन आल्या. सूरजने तिसऱ्यांदा हात पुढे केला, तेव्हा बाई म्हणाल्या, "सूरज, केक वर्गाचा आहे. वर्ग म्हणजे तू एकटा नव्हेस." मुलांनी टाळ्या वाजवल्या, जणू गेलेलं माणूस गावाहून परत आलं. उपास सुटला होता. पण टोमणा मारल्यावर बाई लगेच सूरजच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो हसला, मग त्या हसल्या. आधी त्या बघत नसत. आधी त्या वर्गाकडे बघत.

मी हे सगळं लांबून सांगते आहे असं वाटेल. तेव्हाही मी बाजूच्या खुर्चीवरच होते. आता यंदा माझी दुसऱ्या शाळेत इंटर्नशिप सुरू होईल. मला टोमणे जमत नाहीत, त्यामुळे सोडायला माझ्याकडे ते नाहीत. दुसरं काय सोडायचं, हे अजून नक्की नाही. कधी वाटतं, घाई. कधी वाटतं, पाठ टाचण संपवायलाच हवं असा हट्ट. बाईंसारखं मी मुलाचं नाव घेऊन काही म्हणू शकेन का, आणि म्हटलं तर कोणाला उद्देशून, हेही माहीत नाही. आई म्हणते, नाव तर घे, ऐकणारा असतो. तिच्या दृष्टीने प्रश्न संपला.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. वर्गातच घेतली. बाई टेबलापाशी, मी नावं पुकारायला. एकेकाने उभं राहून उतारा वाचायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. हर्षला येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली, तिसऱ्या बाकावर बसली. तिच्या नावापर्यंत पोचल्यावर मी बाईंकडे बघितलं. बाई हळूच म्हणाल्या, "हर्षला, बाहेर व्हरांड्यात घेऊ का तुझी?"

तिने मान हलवून नाही सांगितलं. उभी राहिली. पुस्तक उघडलं.

पहिला शब्द यायला फार वेळ लागला. मग दुसरा. ती डिसेंबरात वाचत असेल तशीच वाचत होती, प्रत्येक शब्द आत लावून मग बाहेर. बाहेर कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, बसचे आवाज आले आणि गेले. एका जोडाक्षरापाशी ती अडली. सूरज पुढे झुकला, त्याच्या ओठांवर शब्द आला होता. बाईंनी नुसतं बोट वर केलं, तो मागे झाला. मी बाईंच्या ओठांकडे बघितलं. ते हलत नव्हते. उपास संपला होता, कुठलाही नियम आता त्यांच्यावर नव्हता. वर्गातून कोणी "बाई, उपास!" म्हणून आठवण करणार नव्हतं. पुढे अजून अर्धा वर्ग बाकी होता. बाई हनुवटी हातावर टेकून ऐकत होत्या, जसं आपण कोणाचंही ऐकतो. हर्षलाने ते जोडाक्षर सोडवलं आणि पुढे गेली. उतारा संपला.

बाईंनी प्रश्न विचारला, साधाच, उताऱ्यातला. हर्षला उत्तर द्यायला लागली. दोन वाक्यं झाली. मग ती थांबली, इतका वेळ की मला वाटलं, झालं. बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी मार्क लिहायला पेन उचललं.

"थांबा बाई," हर्षला म्हणाली. "माझं संपलं नाय अजून."

बाईंनी पेन खाली ठेवलं.